उस्तादांचं देणं

जुन्या इटालियन शर्यतीच्या सायकली ओळखणं हा माझा व्यवसाय नाही. मिलानजवळच्या एका कारखान्यात गिअरबॉक्स तपासायच्या विभागात मी नोकरी करतो. तरी अधूनमधून कुणी मित्र, नाहीतर मित्राचा मित्र, फोटो पाठवून विचारतो, "ही कोणत्या सालची असेल हो? मॉडेल कोणतं?" मी जमेल तसं उत्तर देतो. त्यावर कुणी कौतुक केलं की मला अवघडल्यासारखं होतं, कारण त्या उत्तरात माझं स्वतःचं काही नसतं. सगळं उसनं आहे. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना आपलं नाव कुठे छापून आलेलं आवडलं नसतं. पुण्यात आमच्या पेठेतल्या सायकलच्या दुकानात मुख्य कारागिराला पोरं उस्ताद म्हणायची. मीही मनातल्या मनात यांना तेच म्हणत आलो. इथेही तेच म्हणतो.

मेकॅनिकलची पदवी घेऊन मी मिलानच्या पोलितेक्निकोत पुढचं शिकायला आलो तेव्हा माझ्या हाताला तेल कधी लागलेलं नव्हतं. संगणकावर गिअरचे दाते काढायचो, ताण मोजायचो, रंगीत आकृत्या करायचो. पाना हातात धरायची वेळ आली की ते काम दुसऱ्याचं, अशी एक समजूत घरातूनच आली होती. शिष्यवृत्ती बेताची, म्हणून जायला-यायला सायकल हवी होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी नाविल्यो ग्रांदे या कालव्याच्या काठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे एका विक्रेत्याने मला फिकट निळसर-हिरव्या रंगाची एक सायकल दाखवली आणि शपथेवर सांगितलं, की ही ब्यांकी आहे, पन्नासच्या दशकातली, कोप्पीच्या काळातली. ब्यांकी कंपनीचा तो रंग जगप्रसिद्ध आहे आणि शर्यतवीर फाउस्तो कोप्पीचं नाव मी ऐकून होतो. मागचं चाक ज्या पोलादी खाचेत बसतं तिच्यावर 'ब्रेव्ह. कांपान्योलो' अशी अक्षरं होती. मी वसतिगृहात सगळ्यांना सांगत सुटलो, की माझ्याकडे अस्सल कांपान्योलो कंपनीची ब्यांकी आहे. एकाच सायकलीला मी दोन बाप दिले होते आणि त्यात काही चुकतंय हेही मला कळलं नव्हतं.

महिन्याभरात क्रँकमधून कटकट आवाज येऊ लागला, म्हणून ती उस्तादांकडे नेली. मिलानमधल्या जुन्या घरांना पुण्याच्या वाड्यासारखा आतला चौक असतो आणि भोवती लोखंडी कठड्याच्या लांब गॅलऱ्या. अशाच एका चौकाच्या कोपऱ्यात त्यांचं दुकान. तरुणपणी त्यांनी शहरातल्या एका फ्रेमवाल्याकडे कानशी चालवली होती, मग दुरुस्तीचं स्वतःचं काम काढलं. माणूस बारीक, बोलायला कंजूष, कॉफीच्या बाबतीत अत्यंत हट्टी. मी अभिमानाने म्हटलं, "ब्यांकी आहे, कोप्पीच्या काळातली." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, सायकल उलटी केली आणि सीट-हॅन्डलवर उभी ठेवली.

पुढची दहा-पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली मोठी शिकवणी होती, पण तेव्हा मला वाटलं म्हातारा वेळ काढतोय. रंगाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. आधी क्रँकचा आस ज्यातून जातो त्या गोल कवचावर, म्हणजे आपण ज्याला बीबी म्हणतो त्यावर, अंगठा फिरवला. गिअरच्या तारा त्याच्या खालून जात होत्या. मग मागच्या दोन खाचांमध्ये व्हर्नियर धरला: 126 मिलिमीटर. वरच्या आडव्या नळीवर ब्रेकच्या केबलसाठी बारीक कड्या ब्रेझिंग करून पक्क्या बसवलेल्या होत्या, त्यांवरून नख ओढलं. बाटलीच्या पिंजऱ्यासाठी दोन नळ्यांवर आटे पाडलेली भोकं होती, ती मोजली. सीटचा दांडा उपसून त्यावरचा आकडा वाचला: 27.2 मिलिमीटर. शेवटी पुढच्या चाकाचा चिमटा सोडवला आणि त्याची वरची नळी टॉर्च लावून माझ्या डोळ्यांसमोर धरली. आत, पोलादाच्या भिंतीवर, पाच बारीक कंगोरे मळसूत्रासारखे वळत वर गेले होते.

"कोलुंबुस एसएल," ते म्हणाले. "नळी उत्तम आहे. काम चांगल्या हाताचं आहे. साधारण 1981 ते 1984. ब्यांकी म्हणायला काही आधार नाही. कुणाची, ते माहीत नाही."

मी वाद घातला. त्या खाचेवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. 'ब्रेव्ह.' म्हणजे पेटंट घेतलेलं, एवढंच, असं त्यांनी सांगितलं. विचेन्साच्या तुल्यो कांपान्योलोंच्या कारखान्यातून त्या खाचा इटलीतले जवळजवळ सगळे चांगले फ्रेमवाले विकत घेत. त्या अक्षरांवरून फ्रेम कुणी केली ते कळत नाही, करणाऱ्याने स्वस्तातला माल वापरला नाही एवढं कळतं. आणि पन्नासच्या दशकातली शर्यतीची सायकल असती तर मागची जागा 120 किंवा त्याहून कमी असती. 126 आलं ते सहा-सात गिअरच्या फ्रीव्हीलबरोबर. ब्रेकच्या केबलला तेव्हा वरच्या नळीवर क्रोमच्या सुट्या पट्ट्या आवळत. फ्रेमला कड्या जोडायची रीत सत्तरच्या दशकाअखेरीस रुळली. गिअरच्या तारा बीबीखालून न्यायची पद्धत त्याच सुमाराची.

मग आवाजाचं कारण. मी घरी पाना लावून बीबीच्या उजव्या बाजूचा कप आवळायचा प्रयत्न केला होता आणि तो आणखी ढिला झाला होता. इंग्लिश पद्धतीत त्या बाजूला उलटे आटे असतात, पुस्तकात मी तेच वाचलं होतं. इटालियन बीबी 70 मिलिमीटर रुंद, आटे 36 मिलिमीटर व्यासाचे, आणि दोन्ही बाजूंना सुलटे. त्यामुळे उजवा कप पॅडल मारता मारता सुटत राहतो, हे या पद्धतीचं जुनं दुखणं. उस्तादांनी तो लांब दांड्याच्या पान्याने सगळा जोर लावून आवळला. पैसे घेतले कपाचे. शिकवणीचे नाहीत.

'माहीत नाही' हे त्यांचे शब्द मला फार झोंबले होते. एवढं पाहूनही माहीत नाही? मग पाहिलं कशाला? पण त्या कंगोऱ्यांनी मला बांधून घातलं होतं. आमच्या वर्गात नळीच्या ताणाचं गणित मी उत्तम सोडवलं होतं, पण कुणी ते ताण लक्षात घेऊन आतून अशी नळी काढतं, हे डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी काही काम आहे का विचारायला गेलो. त्यांनी हातात झाडू दिला.

झाडूनंतर डिझेलचं टमरेल आणि चाकांचे हब. छर्रे काढायचे, पुसायचे, मोजून परत घालायचे. एके दिवशी हबचा नट पुसताना त्यावर '72' उमटलेलं दिसलं. मी विचारलं तेव्हा त्यांनी एक एक गोष्ट उघड करायला सुरुवात केली. कांपान्योलोच्या रेकॉर्ड हबच्या नटांवर बरेचदा सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. क्रँकच्या मागच्या बाजूला पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात एक आकडा असेल तर तो सत्तरच्या दशकातला, वर्तुळात असेल तर ऐंशीच्या. मागच्या गिअरवर सत्तरच्या दशकात 'पेटंट'पुढे दोन आकडे येऊ लागले, तेही साल सांगतात. पुढची दातेरी चकती ज्या पाच बोल्टांवर बसते त्यांच्या वर्तुळाचा व्यास आधी 151 मिलिमीटर होता, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो 144 झाला. मागच्या गिअरांत पितळी-क्रोमचा 'रेकॉर्ड' 1963 चा, त्याचा अ‍ॅल्युमिनियमचा भाऊ 'नुओव्हो रेकॉर्ड' 1967 चा.

इंजिनिअरला याहून गोड खाऊ नाही. मी घरी बसून सगळ्याचा तक्ता केला, कोड टाकला की साल बाहेर. आणि एका शनिवारी, उस्ताद कॉफीला गेले असताना, दुकानात आलेल्या लाल सायकलीचं साल मी गिऱ्हाइकाला ठणकावून सांगितलं: 1976. ते परत आले, शांतपणे ऐकलं, आणि गिऱ्हाईक गेल्यावर विचारलं, "क्रँक 1976 चा, हे खरं. सायकल 1976 ची कशावरून?"

मला उत्तर सुचेना. त्यांनीच सांगितलं. दुकानदाराकडे माल दोन-दोन वर्षं पडून असे. शर्यतीत धावणारा गडी हंगाम संपला की नवी फ्रेम घेई, पण महाग असलेले जुने हब आणि क्रँक तिच्यावर चढवी. पडला की वाकलेला भाग बदले, हाताला येईल तो. पार्टवरचं साल फक्त एवढंच सांगतं, की ही जुळणी त्याच्या आधीची नाही. त्यापुढे ते गप्प बसतं. म्हणून जे बदलता येत नाही ते पहिलं बघायचं: नळ्या, खाचा, बीबीचे आटे, जोडलेल्या कड्या, नळ्यांच्या सांध्यांवरचे लग कापायची तऱ्हा. मग जे बदलायला कष्ट पडतात ते. मग जे पाच मिनिटांत बदलतं ते. रंग आणि स्टिकर अगदी शेवटी, आणि तेही साक्षीदार म्हणून, न्यायाधीश म्हणून नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला त्यांची वही दाखवली. पेन्सिलीने लिहिलेली, दोन रकाने. डावीकडे काय पाहिलं, उजवीकडे काय वाटतं. दोन्ही रकान्यांत एकही शब्द सामायिक नसावा असा त्यांचा दंडक होता. एका पानावर लेन्यानो कंपनीच्या एका सायकलीची नोंद होती. त्या सायकली सरड्याच्या अंगासारख्या हिरवट रंगाच्या, आणि सीट आवळायचा बोल्ट इतरांसारखा मागे नसून पुढच्या बाजूला, त्यामुळे रंग बदलला तरी ओळखू याव्यात. उस्तादांनी उजव्या रकान्यात एक साल लिहून ते खोडलं होतं, दुसरं लिहून तेही खोडलं होतं, आणि तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह. खोडलेलं वाचता येईल अशा बेताने खोडलेलं. पन्नास वर्षं पोलादात घालवलेला माणूस प्रश्नचिन्ह काढतो, आणि मी सहा महिन्यांच्या तक्त्यावर ठणकावून बोलतो. कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या वर्षी माझा प्रबंध मार्गदर्शकांनी परत केला होता. माझ्या मोजमापांतून निघत नव्हतं ते मी निष्कर्षात लिहिलं होतं. पुन्हा लिहायला बसलो तेव्हा पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे काय मोजलं, उजवीकडे काय वाटतं. प्रबंध निम्म्यावर आला आणि पास झाला. नोकरीतही आजवर मी तशीच रेघ मारत आलो आहे. साहेबांना एकच कारण, एकच आकडा हवा असतो, आणि तो नसताना देण्याचा मोह अजून होतो. रेघ आडवी येते.

सायकलींच्या नावांची गंमत मला उस्तादांबरोबर केलेल्या एका फेरीत कळली. कोमो तळ्याच्या वर, मादोन्ना देल गिझाल्लो नावाचं छोटं चर्च आहे. 1949 मध्ये पोप बारावे पायस यांनी तिथल्या मातेला सायकलपटूंची रक्षणकर्ती ठरवलं. भिंतींवर कोप्पी, जिनो बार्ताली, फेलिचे जिमोन्दी, एडी मर्क्स यांच्या सायकली टांगलेल्या आहेत. मी नावं वाचत होतो, उस्ताद मान वर करून लगच्या कडा बघत होते. परतताना म्हणाले, मर्क्सच्या फ्रेम वेगवेगळ्या काळात मासी, कोल्नागो, दे रोसा अशा कारागिरांनी केल्या, वर नाव मात्र भलतंच असे. 25 ऑक्टोबर 1972 ला मेक्सिको सिटीत मर्क्सने तासाभरात 49.431 किलोमीटर कापले. ती सायकल एर्नेस्तो कोल्नागोंनी केलेली, आणि तिच्यावर नाव होतं विंडसर या मेक्सिकन कंपनीचं. "जगातली सगळ्यांत नावाजलेली फ्रेम," उस्ताद म्हणाले, "आणि स्टिकर वाचणारा तिथेच फसणार."

तरीही स्टिकरचा ते द्वेष करत नसत. कोल्नागोचं किलवराचं पान 1970 मध्ये मिकेले दान्चेल्लीने मिलान–सान रेमो जिंकल्यानंतर आलं, म्हणजे लगमध्ये मुळातच ते पान कोरलेलं असेल तर फ्रेम त्याआधीची नाही. चिनेल्ली कंपनी 1978 मध्ये अंतोन्यो कोलंबोंकडे गेली, मग इतालो लुपी यांनी काढलेलं पंखांचं नवं चिन्ह आलं. हॅन्डलच्या दांड्यावर जुनं चिन्ह की नवं, एवढं पाहिलं तरी एक रेघ आखता येते. तूरिनच्या जिऑसचा गडद निळा रंग ब्रुकलिन टीमबरोबर गाजला. हे सगळं त्यांना पाठ होतं. फक्त त्यावर सगळा भार टाकायचा नाही.

एकदा चाळिशीची एक बाई वडिलांची सायकल घेऊन आली. नारिंगी रंग, मोल्तेनी टीमचा. वडील गेले होते, आणि घरात पक्की समजूत होती, की ही सायकल मर्क्सच्या त्या टीममधून आली. फ्रेम साधी होती. सीटचा दांडा 26.4, म्हणजे नळ्यांच्या भिंती जाड, नळ्या स्वस्तातल्या. रंग तेव्हाच्या बऱ्याच कारखान्यांनी त्या टीमच्या लोकप्रियतेवर दिलेला. हे मला दिसलं होतं आणि माझ्या जिभेवर आलंच होतं. उस्तादांनी मला कॉफी आणायला पिटाळलं.

मी परत आलो तेव्हा ते तिला पॅडल दाखवत होते. उजव्या पिंजऱ्याची कड आतल्या बाजूने घासून पातळ झाली होती. गिअरचा एक खटका तुटला होता, तर कुणी तरी घरीच कानशीने दुसऱ्याला आकार देऊन तो बसवला होता. दांड्यावर सीटची उंची दोनदा बदलल्याच्या खुणा होत्या. "तुमच्या वडिलांनी ही फार चालवली," ते म्हणाले, "आणि हाताने काम करायला त्यांना येत होतं. टीमची सायकल ही नाही." खरी किंमत सांगितली, जी थोडी होती. ती रडली वगैरे नाही. तिने ती पुढच्याच महिन्यात विकली. उस्तादांना त्याचं काही वाटलं नाही. वहीत मात्र पानभर नोंद होती, त्या घासलेल्या पिंजऱ्याच्या चित्रासकट. खरं सांगायची आपली घाई आणि समोरच्याला ते घेता येणं, या दोन्हींमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा हे मी त्या दिवशी पाहिलं. जमतं असं म्हणवत नाही.

पुढे साल हा पैशाचा प्रश्न झाला. तोस्कानातल्या गायोले इन किआन्ती इथे 1997 पासून 'एरोइका' नावाची जुन्या सायकलींची फेरी निघते, पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून. तिचा नियम असा, की सायकल 1987 च्या आधीची हवी, गिअरचे खटके फ्रेमच्या नळीवर हवेत, ब्रेकच्या केबल उघड्या दिसायला हव्यात, पॅडलला पट्टे हवेत. फेरी सुंदर आहे, पण तिने प्रत्येक अडगळीतल्या सायकलीला भाव आणला. लोक येऊन साल विचारण्याऐवजी हवं ते साल सांगू लागले. 1988 ची सायकल 1986 ची आहे असं लिहून द्या म्हणून एकाने बरीच रक्कम पुढे केली. उस्तादांनी त्याच्या चाकाची आऊट काढून दिली आणि तेवढ्याचेच पैसे घेतले. माझं मत त्यांच्याहून कडक आहे: विकणाऱ्यांनी आज 'सत्तरच्या दशकातली, व्यावसायिक टीमची' हे शब्द इतके स्वस्त केले आहेत, की ते वाचले की मी पुढचं वाचत नाही.

गुडघे गेले तेव्हा त्यांनी दुकान आवरलं आणि ते ब्रेश्याजवळ मुलीकडे राहायला गेले. मी तिकडे जायचो, पण हवं तितकं नाही. ते वारले तेव्हा मी सुट्टीत पुण्यात होतो. वह्या मुलीकडे आहेत. तिच्या परवानगीने मी त्यांचे फोटो काढले, सगळ्या नव्हे, निम्म्याच झाल्या आहेत. माझ्या त्या बाजारातल्या सायकलीची नोंद त्यात आहे. उजव्या रकान्यात अजून नाव नाही, आणि मी भरलेलं नाही.

त्यांचं देणं फेडायचा माझ्याकडे एकच मार्ग आहे, तो तुमच्यामार्फत. कुठेही तुमच्या हाती अशी एखादी जुनी सायकल आली तर नवा रंग द्यायची घाई करू नका. आधी ती उलटी करा. बीबीवरचा नंबर, मागच्या खाचा, चिमट्याच्या नळीची आतली बाजू, सीटच्या दांड्यावरचा आकडा, हबचे नट, क्रँकची मागची बाजू यांचे उजेडात फोटो काढा. मागची रुंदी मोजा. बदललेला एकही पार्ट फेकू नका, पिशवीत घालून चिठ्ठी लावा. कुणी चालवली हे माहीत असलेलं माणूस घरात असेल तर त्याला आजच विचारा. आणि साल नक्की ठरत नसेल तर दोन सालं लिहा, मधे 'ते' घाला.